थार, तात्यांचा ट्रॅक्टर आणि केटी बंधारा

या वर्षी पाडव्याला आमच्या घरी थार आली आणि हॉस्टेलवर माझा भाव एकदम वधारला. जिला माझं आडनावसुद्धा धड माहीत नव्हतं, ती सेकंड फ्लोअरवरची मुलगीही मेसच्या लाईनमध्ये विचारायला लागली, "अगं, तुमच्याकडे थार घेतली ना? चार बाय चार की नुसती?" प्रश्न बरोबर होता. पण 'चार बाय चार' म्हणजे नेमकं काय, हे त्या दिवशी मला विचारलं असतं तर मी ओरलला उत्तर येत नसताना करते तसा चेहरा केला असता. मेकॅनिकल थर्ड इयरला असूनसुद्धा! डिफरन्शियलची आकृती मी परीक्षेत दोनदा काढली आहे, दोन्ही वेळा मार्क मिळाले आहेत. पण ती आकृती चिखलात कशी वागते, ते सुट्टीत गावी गेल्यावर कळलं. तेच या लेखात सांगायचं आहे.

आधी गाडी का घेतली ते सांगते, कारण घरात यावरून महिनाभर वाद चालू होता. आमचं गाव आजरा तालुक्यात. घराखाली भाताची शेती आणि वर डोंगराच्या उतारावर काजूची बाग. बागेत जायचा रस्ता म्हणजे तांबड्या मातीची वाट. उन्हाळ्यात धूळ आणि जून ते सप्टेंबर लोणी. पप्पांचं म्हणणं, पावसाळ्यात बागेत पोचायला चारही चाकं चालणारी गाडी पाहिजे. मम्मीचं म्हणणं, एवढ्या पैशांत पिकअप आली असती, काजूची पोतीही गेली असती आणि वर पैसे उरले असते. आबांचं म्हणणं सगळ्यात भारी: "आमच्या वेळंला वडाप जीपमधनं चौदा माणसं यायची. ह्यो एवढं पैसं देऊन चार माणसांची गाडी आणतोय!"

तिघांचंही बरोबर होतं. आतून बघितलं तर पप्पांना वयाच्या विसाव्या वर्षापासून जीप पाहिजे होती आणि आता पन्नाशी आली, एवढाच खरा मुद्दा होता. शेवटी सात वर्षांच्या हप्त्यांवर गाडी घेतली. डिझेल, मॅन्युअल गिअर, हार्ड टॉप, आणि हो, फोर बाय फोर.

पहिला आठवडा : हौस आणि स्टूल

जीपचा इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेत विलीज कंपनीने १९४१ पासून सैन्यासाठी ही गाडी मोठ्या संख्येने बनवली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. त्याच घराण्यातली 'थार' २०१० मध्ये आली आणि पूर्ण नवीन रूपातली दुसरी पिढी २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आली. ही गाडी आपल्या नाशिकला बनते. २०२० मध्येच ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये तिला ४ स्टार मिळाले. ही माहिती पप्पा घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर देत होते.

आता खरी छाप सांगते. गाडी उंच आहे. बसल्यावर समोरचं सगळं दिसतं आणि आपण उगीचच कोणीतरी आहोत असं वाटतं. पण आज्जीला चढता येईना. पायरी असूनसुद्धा गुडघा वर जाईना. मग घरातलं निळं प्लॅस्टिकचं स्टूल गाडीत कायमचं ठेवलं. कुठेही गेलो की आधी स्टूल उतरतं, मग आज्जी. मागे दार नाही, म्हणजे मागच्या माणसाने पुढची सीट पाडून आत घुसायचं. त्यामुळे आज्जी कायम पुढे आणि पप्पा कर्ज फेडूनसुद्धा मागे!

डांबरी रस्त्यावर गाडी थोडी उडते. कारण सोपं आहे. साध्या कारमध्ये बॉडी हीच चौकट असते. इथे खाली शिडीसारखी वेगळी लोखंडी चॅसी आणि तिच्यावर बॉडी बसवलेली. शिवाय मागे सलग दांड्याचा अॅक्सल, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं की त्याचा धक्का दुसऱ्यालाही कळतो. खडबडीत वाटेवर हीच गोष्ट मजबुती देते, पण कोल्हापूरला जाताना पाठीला हिशोब द्यावा लागतो. उंचीमुळे वळणावर गाडी कलते, म्हणून घाटात कारसारखी फेकायची नाही. लिटरला अकरा-बाराच्या वर काही आमच्या हाताला लागलं नाही. मम्मी हा आकडा रोज विचारते.

पहिला धडा : तात्यांचा ट्रॅक्टर

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला आणि मी गाडी घेऊन बागेकडे निघाले. गिअरशेजारी एक छोटा दांडा असतो. त्यावर २एच, ४एच, एन आणि ४एल असं लिहिलेलं असतं. मी तो २एच वर, म्हणजे फक्त मागची दोन चाकं, तसाच ठेवला. मनात विचार हा की 'थार आहे, जाईल.' निम्म्या चढावर मागची चाकं फिरायला लागली. मी अॅक्सिलरेटर आणखी दाबला. चाकं आणखी जोरात फिरली, माती उडाली, आणि पाच मिनिटांत गाडी स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पोटावर बसली.

शेजारच्या मळ्यातले तात्या ट्रॅक्टर घेऊन आले. दोर बांधला, ओढली, आणि दोर सोडताना म्हणाले, "पोरी, गाडीला चाकं चार हायती. तू दोनच वापरलीस." संध्याकाळपर्यंत हे वाक्य पूर्ण गावाला पाठ झालं होतं.

चुकलं कुठे? मित्रांनो, इथे डिफरन्शियल आठवा. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही व्यवस्था. तिचा एक गुण म्हणजे ती दोन्ही चाकांना साधारण सारखाच टॉर्क देते. आणि तोच तिचा अवगुण. एक चाक लोण्यासारख्या मातीत निसटलं की त्याला फिरायला जवळजवळ काहीच टॉर्क लागत नाही. मग घट्ट जागेवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य. इंजिनात ३०० न्यूटन मीटर असले तरी ते जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. जोर आहे, पण पकड नाही. (ट्रॅक्शनला 'पकड' हा इतका चांगला शब्द आहे हे मला तात्यांकडून कळलं. माझ्या कॉन्व्हेंटच्या वह्यांमध्ये तो नव्हता.)

४एच लावल्यावर पुढची दोन चाकंही कामाला लागतात, म्हणजे पकडीच्या जागा दुप्पट. ४एल म्हणजे तेच, पण मध्ये आणखी एक गिअर. त्यात वेग जवळपास अडीचपट कमी होतो आणि चाकांवरचा टॉर्क तेवढाच वाढतो. सायकलवर चढाला लहान गिअर टाकतो तसंच. ४एल साठी गाडी थांबवून, न्यूट्रल करून दांडा खाली घ्यावा लागतो. आणि मुख्य म्हणजे हे सगळं फसण्याच्या आधी करायचं, फसल्यावर नाही.

यातच आणखी एक युक्ती आहे. एखादं चाक भिरभिरायला लागलं की गाडीतले सेन्सर ते ओळखतात आणि फक्त त्याच चाकाला ब्रेक लावतात. ब्रेक लागला की त्या चाकाला फिरायला टॉर्क लागतो, आणि मग डिफरन्शियलच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या चाकालाही तो मिळतो! म्हणून एक चाक हवेत असताना घाबरून पाय काढायचा नाही. अॅक्सिलरेटर हलका पण एकसारखा ठेवायचा आणि एक-दोन सेकंद थांबायचं. गाडी कटकट आवाज करते आणि मग पुढे सरकते. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मला आमच्या सगळ्या 'थिअरी ऑफ मशीन्स' बद्दल प्रेम वाटलं. पहिलं आणि बहुतेक शेवटचं.

दुसरा धडा : डांबरावर ४एच

ट्रॅक्टरच्या प्रकरणानंतर मी एवढी शहाणी झाले की ४एच काढायचंच विसरले. बागेतून उतरले आणि तशीच कोरड्या डांबरावरून घरी आले. अंगणात वळवताना स्टिअरिंग जड, गाडी धक्के देत अडखळतेय, आणि दांडा २एच वर येईच ना. मला वाटलं, गेले आता, सात वर्षांचे हप्ते आणि गिअरबॉक्स पहिल्याच पावसात!

काही मोडलं नव्हतं. मागच्या दोन चाकांमध्ये एक डिफरन्शियल आहे, पुढच्या दोघांमध्ये एक. पण पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मध्ये नाही. ४एच मध्ये दोन्ही अॅक्सल एकमेकांना कुलूप लावल्यासारखे जोडले जातात. वळताना मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, त्यांना जास्त फिरायचं असतं. मातीवर टायर थोडा घसरतो आणि हा फरक निघून जातो. कोरडं डांबर टायरला घसरू देत नाही, मग फरक साठत जातो आणि सगळे शाफ्ट ओल्या टॉवेलसारखे पिळले जातात. त्या ताणामुळे दांडा अडकतो. उपाय म्हणजे स्टिअरिंग सरळ धरून गाडी थोडी मागे घ्यायची. पीळ सुटतो आणि दांडा गपकन जागेवर येतो.

म्हणून रस्त्यावर थार दिसली आणि मालक सांगायला लागला की "आपण कायम फोर बाय फोरमध्येच चालवतो", तर गालातल्या गालात हसायला हरकत नाही. शिवाय २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळू लागली, तिच्यात हा दांडाच नाही. आणखी एक गैरसमज म्हणजे फोर बाय फोर लवकर थांबते. अहो, ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. फोर बाय फोर तुम्हाला निघायला मदत करते, थांबायला नाही. ओल्या रस्त्यावर जड, उंच गाडी तितक्याच इमानदारीने घसरते.

तिसरा धडा : केटी

हॉस्टेलवर केटी म्हणजे राहिलेला विषय. आमच्या जिल्ह्यात केटी म्हणजे कोल्हापूर टाईप बंधारा. नदीत दगडी खांब, त्यांच्यामध्ये हिवाळ्यात बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी बरगे काढायचे. बऱ्याच बंधाऱ्यांवरून रस्ता जातो. जुलैमध्ये पाऊस लागला की पेपरात बातमी येते, अमुक इतके बंधारे पाण्याखाली. हिरण्यकेशीवरचा आमचा बंधाराही त्यात असतो.

जुलैमधली दुपार. आज्जीला सकाळपासून चक्कर येत होती, दोनदा उलटी झाली, आणि बीपीच्या गोळीने काही फरक पडेना. गडहिंग्लजला दवाखान्यात न्यायचं ठरलं. स्टूल ठेवलं, आज्जीला पुढे बसवलं, पप्पा मागे. पप्पांच्या खांद्याला लागलं होतं म्हणून चालवायला मी. बंधाऱ्यावर आलो तर वरून पाणी चाललेलं. पलीकडचा रस्ता समोर दिसत होता. तो धरला तर पाऊण तास. नाहीतर मागे फिरून मोठ्या पुलावरून वळसा, मध्ये डोंगराची कच्ची वाट, म्हणजे दोन तास.

काठावर सात-आठ जण छत्र्या घेऊन उभे होते. "थार हाय नव्हं, घाला की!" एकजण म्हणाला. "सकाळी ट्रॅक्टर गेला की ह्यातनंच." पप्पा मागून म्हणाले, "साडेसहाशे मिलिमीटर चालते म्हणून सांगितलंय की. पाणी गुडघ्याएवढंच दिसतंय." पप्पांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. शेजारी त्यांची आई डोळे मिटून बसली होती, आणि ज्या दिवसासाठी गाडी घेतली तो दिवस हाच, असं त्यांना वाटत असणार. मलाही तेच वाटत होतं. खोटं कशाला बोलू, माझा हात दांड्यावर गेला होता.

तेवढ्यात वरून एक फांदी वाहत आली. बंधाऱ्यावर आली आणि बघता बघता पलीकडे खाली गेली. मी चालत गेले असते तर तिला गाठू शकले नसते, पळावं लागलं असतं. मी गाडी रिव्हर्सला टाकली. काठावरचे हसले. पप्पा काहीच बोलले नाहीत. आज्जी डोळे न उघडता म्हणाली, "बरं केलंस बाळा. पाण्याला गाडी कळत न्हाई."

हॉस्टेलवर परत आल्यावर मी ते गणित कागदावर केलं. काटेकोर नाही, अंदाजाचं आहे, पण तुम्हीही करून बघा. गाडीचं वजन साधारण पावणेदोन टन, म्हणजे १७५० किलो. ६५० मिलिमीटर पाण्यात गाडीचा तळ सुमारे २० सेंटीमीटर बुडतो असं धरू. तळाचं क्षेत्रफळ ५ चौरस मीटर धरलं तर बाजूला सारलेलं पाणी १ घनमीटर, म्हणजे १००० किलो. आर्किमिडीजच्या नियमाने तेवढं वजन पाणी उचलून धरतं. चाकांवर उरले ७५० किलो. शेवाळलेल्या काँक्रीटवर घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर गाडी आडव्या दिशेने फक्त २२५ किलोचा जोर सहन करेल.

आता वाहत्या पाण्याचा जोर. सेकंदाला २ मीटर वेग (ताशी ७ किलोमीटरच्या जरा वर, म्हणजे माणसाचं हळू पळणं) आणि गाडीच्या बाजूचा बुडालेला भाग दीड चौरस मीटर धरला, तर पाणी साधारण ३०० किलोच्या जोराने ढकलतं. २२५ विरुद्ध ३००. गाडी जाते. वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट होतो. आणि या गणितात चारही चाकं फिरतात की दोन, याला काहीही जागा नाही!

कंपनी जे ६५० मिलिमीटर सांगते, ते पाण्यातून जाण्याची खोली आहे. पाणी इंजिनाच्या हवेच्या वाटेत शिरू नये हा त्यातला मोठा भाग. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पण तो आकडा साचलेल्या पाण्याचा धरायचा, पुराचा नाही. बंधाऱ्याला कठडा नसतो, गढूळ पाण्यात कडा दिसत नाही, आणि मधला एखादा दगड रात्रीत निघून गेला असेल तर तेही नाही. आणि सकाळी गेलेला ट्रॅक्टर सकाळच्या पाण्यातून गेला होता.

मग गाडीचा उपयोग काय झाला?

झाला. वळशाच्या वाटेवर डोंगराच्या उतारावर दरड खाली आली होती. मोठी नव्हती, पण रस्त्यावर गुडघाभर लाल चिखल आणि दगड. आमच्या जुन्या कारने तिथून माघारी यावं लागलं असतं. थांबले, न्यूट्रल, दांडा ४एल. पहिला गिअर, अॅक्सिलरेटर हलका, आणि गाडी माणसाच्या चालीने चढून पलीकडे गेली. पुढे तीव्र उतार. पप्पा मागून एकच वाक्य बोलले, "क्लच दाबू नको." ४एल च्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना धरून ठेवतं, गाडी हळूहळू उतरते. ब्रेक मारला तर चाकं लॉक होऊन घसरतात, आणि क्लच दाबला तर इंजिनाचा हात सुटतो.

दोन तास दहा मिनिटांनी पोचलो. आज्जीचं बीपी खूप वाढलं होतं. सलाईन, इंजेक्शन, एक रात्र दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि पहिला प्रश्न, "स्टूल आणलंय न्हवं?"

परत येतानाही मोठ्या पुलावरूनच आलो. घरी मम्मीने विचारलं, "अॅव्हरेज किती दिलं?" पप्पांनी पहिल्यांदाच खरा आकडा सांगितला. नऊ. मम्मी काही बोलली नाही. आबा म्हणाले, "वडापवाला पण पाण्यात घालत नव्हता बरं का. चौदा माणसांस्नी उतरवून माघारी फिरवायचा."

तर मित्रांनो, चार महिन्यांचा अनुभव हा असा. गाडी चांगली आहे. पण गाडी घेताना दांड्यावरच्या चार खुणा वाचायला शिका, मॅन्युअल झोपण्यापूर्वी चार पानं तरी वाचा, आणि काठावर उभं राहून "घाला की" म्हणणाऱ्यांमध्ये स्वतः कधी असाल तर तेवढं म्हणू नका. सेकंड फ्लोअरच्या मैत्रिणीला उत्तर मिळालं असेल. हो गं, चार बाय चार आहे. आणि नाही, चावी मिळणार नाही!